लेदर सीटला खोबरेल तेल? हात आवरा!

उन्हाळा लागला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत! लेदर सीटला महिन्यातून एकदा खोबरेल तेल चोळा, डागांवर टूथपेस्ट लावा, रोज बेबी वाइप्सने पुसा. सीट आरशासारखी चमकेल, दहा वर्षं भेगा पडणार नाहीत. लेदरला लावायचा कंडिशनर म्हणजे निव्वळ लूट.’ शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकाल तर सीटची वाट लागेल.

‘चामडं तेल पितं.’ कोल्हापुरी चप्पल पिते. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर लेप नसतो. गाडीच्या सीटचं कातडं मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांसारख्या रसायनांनी कमावतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन (पीयू) या प्लॅस्टिकचा पारदर्शक लेप. आपला हात लागतो तो या लेपाला. तेल त्यातून आत जातच नाही. वर बसून धूळ धरतं आणि शर्टाच्या पाठीवर उमटतं. शिवणीतून किंवा एखाद्या भेगेतून शिरलंच, तर तिथे काळपट डाग पडतो आणि पुढे सीट रंगवून घ्यायची म्हटली तर नवा रंग नीट धरत नाही. थंडीत हेच तेल टाक्यांच्या भोकांत पांढरं होऊन थिजतं. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी आठवडाभर बंद राहिली तर बुरशीची चंगळच. खात्री करायची असेल तर सीटच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब तसाच वर राहिला तर लेप शाबूत आहे.

त्याआधीचा प्रश्न: ती सीट लेदरची आहे कशावरून? आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘लेदरेट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर, आपल्या रेक्झीनचाच सुधारलेला भाऊ. मर्सिडीजचं ‘आर्टिको’ आणि बीएमडब्ल्यूचं ‘सेन्साटेक’ही कृत्रिमच. खऱ्या लेदरच्या गाडीतही अनेकदा अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा, कडा आणि पाठ विनाइलची, म्हणजे पीव्हीसीचीच. प्लॅस्टिकला कसलं तेल पाजताय?

टूथपेस्टने डाग जातो, हे खरं. तिच्यात घासणारी बारीक पूड असते, त्यामुळे डागासोबत लेपही जातो. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगच उतरवतात. बेज सीटवर जीन्सचा निळा रंग बसला असेल तर लगेच पुसा. एकदा लेपात मुरला की घासून निघत नाही.

वाइप्स प्रवासात सांडलवंड टिपायला ठीक. रोज फिरवल्या तर मळ सुरकुत्यांत ढकलला जातो, इतकंच.

‘आरशासारखी चमक.’ नवी गाडी ताब्यात घेताना सीट कशी होती आठवा: मॅट. नंतर आलेली चमक म्हणजे बहुतेक घाम, अंगाचं तेल आणि मळ.

आता भेगा. ड्रायव्हरच्या सीटची उजवी, दाराकडची कड बघा. सगळ्यात आधी तीच झिजते, कारण चढता-उतरताना आपण तिच्यावरून घसटत जातो. सुरकुत्यांत अडकलेली धूळ तिथे पॉलिश पेपरचं काम करते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी असेल तर उरलेलं काम ऊन करतं. तेलाने यातलं काहीच थांबत नाही, मळ काढल्याने बरंच थांबतं.

तो असा काढा. आधी व्हॅक्यूम, शिवणींसकट. मग लेदर क्लीनरचा फेस सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घ्या, हलक्या हाताने फिरवा आणि ओलसर मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा. भोकाभोकांच्या सीटवर तर फेस आणखी कमी, कारण पाणी फोममध्ये उतरतं आणि व्हेंटिलेटेड सीट असेल तर खाली पंखे असतात. पांढऱ्या फडक्यावर राखाडी मळ आला तर चालू द्या. सीटचा स्वतःचा रंग यायला लागला की थांबा. वाळवायला हेअर ड्रायर नको, सावलीत दारं उघडी ठेवली की पुरे.

राहिली ‘लूट’. कंडिशनर चामड्याला आतून पोसतो, ही लेप असलेल्या सीटबाबत जाहिरातीची भाषा. त्याचा उपयोग घर्षण आणि कपड्यांचा रंग थोपवणाऱ्या पातळ थरापुरता. त्यासाठी साफसफाईनंतर वर्षातून दोन-तीनदा, बोटभर घेऊन पुसून काढला तरी भागतं. लेदरेट असेल तर तेवढेही पैसे वाचवा आणि समोरच्या काचेसाठी सनशेड आणा.