बुंध्याला पाणी

दिवाळीत धाकट्या भावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "पोरांना उपदेश करणं सोडा आता. आपण तरी बाबांचं कुठं ऐकलं?" खाली अकरा अंगठे. स्टुटगार्टला ट्रामच्या थांब्यावर मी ते वाचलं आणि रागाच्या भरात माझी गाडी निघून गेली.

इथं शेजारचा मुलगा तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे उस्तादाच्या हाताखालच्या शिक्षणात, बेकरीचं काम शिकतोय. मध्यरात्र उलटली की घराबाहेर पडतो. उस्ताद त्याला रोज तेच ते सांगतो, पोरगं ऐकून घेतं. नागपुरात कोणी दोन शब्द सांगितले की लगेच, "ज्ञान नको पाजळू."

आता बाबांचं. काटोलच्या शेतात संत्र्याची कलमं लावली तेव्हा मी दहावीत होतो. जंबेरी लिंबाच्या खुंटावर जिथं संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधला होता, तिथं बोट ठेवून बाबा म्हणाले, "हा मातीच्या वर राहू दे, बाबू. अन् बुंध्याला पाणी लागू देऊ नको." ऊन चढलं होतं. शेवटची ओळ मी कशीबशी उरकली, डोळे मातीत गेले. संत्र्याला पहिली फळं धरायला चार-पाच वर्षं लागतात. त्याआधीच त्या ओळीला डिंक्या लागला, बुंध्यातून डिंक गळायचा रोग. बाबा बुंधे खरवडून मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावत बसायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

ते बोलणं मला कळलं इथं, चाळिशीनंतर. मुलीच्या मागे मी रोज लागायचो, अभ्यास कर, मराठीत बोल. ती जर्मनमध्ये उत्तर देऊन दार लावून घ्यायची. एका रात्री त्या दारासमोर उभा असताना बाबांचं दुहेरी आळं आठवलं. आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्यात. ते ओढून घेणारी बारीक मुळं तिकडंच असतात. तेव्हापासून कणीक मळता मळता मी माझ्याच गोष्टी सांगतो. ती कधी थांबते, कधी निघून जाते. परवा तिनंच विचारलं, "डोळा म्हणजे?" मराठीत विचारलं.

हे सगळं मी भावाला फोनवर ऐकवलं. उपदेश सोडू नको, जरा लांबून कर, म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, ती ओळ मीच उपटली. बाबांना वाकवत नव्हतं तेव्हा. नवी कलमं लावली, डोळे वर ठेवून."

मी तेव्हा विमानात बसून गेलो होतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. बाग आजही तोच बघतो. मृग बहारासाठी पाणी बंद करून झाडांना ताण कधी द्यायचा, तो कधी तोडायचा, सगळं बाबांच्याच पद्धतीनं. ऐकलं नव्हतं ते मी एकट्यानं. 'आपण' त्यानं माझ्यासाठी लिहिलं होतं.