दहा टक्के कुठल्या कलमात आहेत?

झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर अवीने स्पायरलचा जाडजूड गठ्ठा आपटला. सात पुस्तकांतली सात प्रकरणं, वर निळं प्लॅस्टिक.

"पुस्तकाच्या दहा टक्क्यांपर्यंत झेरॉक्स चालतं. त्यापुढे चोरी," सुहासने निकाल देऊन टाकला.

"कलम दाखव." मंजिरी ग्रंथपाल, तिला हे तोंडपाठ. "परदेशातले आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि आपण माना डोलावतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ५२(१)(आय). शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल उल्लंघन ठरत नाही. टक्का-बिक्का काही नाही. प्रश्नपत्रिकेतला उताराही त्यातच."

"मग मारा अख्खं पुस्तक झेरॉक्स!" सुहास.

"थांब. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी झेरॉक्सविरुद्ध कोर्टात गेले. वाद असल्याच गठ्ठ्यांचा. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, पानं मोजू नका, शिकवायला तेवढं लागत होतं का ते बघा. प्रती दुकानदाराने काढल्या म्हणून सूट जात नाही. अख्ख्या पुस्तकांचं मात्र पुराव्यावर तपासायला परत पाठवलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ते लटकलं ते लटकलंच. म्हणून सिलॅबसमध्ये प्रकरण तीन असेल तर तीनच काढायचं."

"पीडीएफ करून टेलिग्रामवर टाकलं तर?" अवी.

"वर्गाच्या बंद ग्रुपपर्यंत तुझी बाजू मांडता येईल. उघड्या चॅनेलवर कुणीही उतरवून घेतो, तिथे कसला शिकवण्याचा ओघ? कॉलेजच्या डेटाबेसमधला लेख तर टाकूच नकोस, लिंक दे. तिथे कॉलेजने सही केलेला करार असतो. एकाने रात्रीत शेकडो लेख उतरवले की प्रकाशक कॉलेजचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच, बंद करतो, आणि ऐन परीक्षेत अख्खं कॉलेज बोंबलत बसतं."

"आणि उघड्यावर टाकायचंच असेल तर?"

"लेखक जाऊन साठ वर्षं झालेली हवीत. मोजायची मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. अनुवाद असेल तर अनुवादकाची साठ वेगळी. त्यासाठीच म्हणते, प्रत्येक उताऱ्यामागे पुस्तकाचं श्रेयपान, लेखक-अनुवादकाची नावं असतात ते, लावत जा."

अवीने गठ्ठ्यातलं चौथं प्रकरण उघडलं. वरची कड झेरॉक्समध्ये कापली गेली होती. लेखकाचं अर्धं नाव दिसत होतं, अनुवादकाचं मुळीच नाही.