लिंबाचा पीएच ९.९ असता तर हळद लाल झाली असती

माझ्या मावशीचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे आणि रक्तदाबाची गोळी तर कित्येक वर्षांची. परवा तिच्याकडे गेलो तर पाय घोट्यापर्यंत सुजलेले, जोडवी बोटांत रुतलेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं: भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून ती सकाळ-संध्याकाळ लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पीत होती. मेसेज असा: लिंबाचा पीएच ९.९, अ‍ॅव्होकॅडोचा १५.६, कर्करोग आम्लधर्मी शरीरातच वाढतो, अल्कधर्मी शरीरात मरतो, या शोधाला १९३१ चं नोबेल मिळालं, म्हणून लिंबू-सोडा घ्या.

आधी लिंबू. द्रावणात हायड्रोजनचे आयन किती, हे पीएच सांगतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी १९०९ मध्ये हे माप आणलं. आपले शेतकरी माती परीक्षणाच्या कागदावर त्यालाच 'सामू' म्हणतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क. एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो. म्हणजे मेसेजमधली चूक सात-आठ अंकांची नाही, कोटीपटीहून मोठी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वयंपाकघरात जा. पांढऱ्या कागदाला ओली हळद फासा. एका टोकाला साबणाचं पाणी लावा, ते लालसर होईल. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, तसंच. दुसऱ्या टोकाला लिंबू पिळा. ते पिवळंच राहील. मावशीच्या ओट्यावर मी हे करून दाखवलं. ती बराच वेळ कागद हातात धरून बसली.

१५.६ बद्दल एवढंच: नाल्या साफ करायच्या कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण १४ च्या आसपास असतं. त्याहून जहाल फळ तोंडात घालता येईल का?

नोबेल. ओटो वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते श्वसनाच्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. नोबेलच्या संकेतस्थळावर कारण एका ओळीत दिलंय, कुणीही वाचावं. गाठीतल्या पेशी साखरेपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात हेही त्यांनी दाखवलं होतं, आणि गाठीभोवतीचा भाग थोडा आम्लधर्मी असतो. इतकं मान्य. पण ते आम्ल गाठ स्वतः तयार करते, तुमच्या ताटातून येत नाही.

आणखी एक अर्धसत्य: लिंबातलं सायट्रेट शरीरात जळलं की लघवीची आम्लता कमी होते. काही प्रकारच्या मुतखड्यांवर डॉक्टर सायट्रेट देतात ते यासाठीच. पण बदलते ती लघवी. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये धरून ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र राबतात. जेवणातल्या लिंबाने तो हलत नाही, आणि खरोखर हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो.

आता सोडा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. मावशी दोन चमच्यांत २४०० घेत होती, भाजी-आमटीतलं मीठ वेगळंच, तेही रक्तदाब असताना. डॉक्टरांनी सोडा त्याच दिवशी बंद करायला लावला.

'निरुपद्रवी आहे, करून पाहायला काय जातं' म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या रॉबर्ट यंग यांचं प्रकरण वाचावं. अल्कधर्मी शरीराचा हाच सिद्धांत सांगून ते रुग्णांना शिरेतून सोड्याचं द्रावण देत. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल ते २०१६ मध्ये दोषी ठरले, पुढे तुरुंगात गेले. त्यांच्या भरवशावर कर्करोगाचे नेहमीचे उपचार टाळलेल्या एका बाईला २०१८ मध्ये सॅन दिएगोच्या ज्यूरीने साडेदहा कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. तोवर तिचा कर्करोग चौथ्या टप्प्यात पोचला होता.

मावशीची पुढची केमो गुरुवारी आहे. सोड्याचा डबा मी घरी आणलाय आणि हळदीच्या कागदाचा फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. ज्यांनी मेसेज पुढे पाठवला, त्यांनी तो ज्यांना पाठवला त्यांना आज फोन करून विचारावं: तुम्ही सोडा घेताय का?