क्रॉमवेलच्या सत्तेचे कारण राज्यलोभ नव्हे

‘यादवी जिंकणारा सेनापती राज्यलोभापायी सत्ता बळकावतोच, ऑलिव्हर क्रॉमवेलने इंग्लंडच्या राजाचे मस्तक उडवले ते स्वतः राजा होण्यासाठी,’ असे विधान हल्ली सर्रास पुढे पाठवले जाते. ते मला मान्य नाही.

पहिली चूक सेनापतीविषयीच आहे. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातल्या या यादवीत, 1645 मध्ये नेसबीची निर्णायक लढाई जिंकणाऱ्या ‘न्यू मॉडेल आर्मी’चा, म्हणजे पार्लमेंटच्या फौजेचा, सरसेनापती टॉमस फेअरफॅक्स होता आणि क्रॉमवेल त्याच्या हाताखाली घोडदळाचा प्रमुख होता. फेअरफॅक्सने सत्ता घेतली नाही. राजावरच्या खटल्यापासून तो दूर राहिला आणि 1650 मध्ये स्कॉटलंडवर चालून जाण्यास नकार देऊन त्याने पदही सोडले. विजय हेच सत्तेचे कारण असते, तर पहिला हक्कदार तोच होता.

मग फौज राजकारणात आली कशी? याचे उत्तर 1647 च्या घटनांत आहे. युद्ध संपताच पार्लमेंटने फौज मोडण्याचे ठरवले, पण घोडदळाचा चाळीसहून अधिक आठवड्यांचा पगार थकलेला असताना हातावर ठेवायचे होते जेमतेम आठ आठवड्यांचे पैसे. त्यातच, लढाईच्या धामधुमीत वरिष्ठांच्या हुकमाने ओढून आणलेल्या घोड्यांबद्दलही घरी परतल्यावर खटला भरला जाईल, ही शिपायांची भीती पोकळ नव्हती. तेव्हा रेजिमेंटांनी आपले प्रतिनिधी निवडले आणि आपण निव्वळ भाडोत्री फौज नाही, असे जाहीर केले. क्रॉमवेल त्या वर्षी राजाशी तडजोडीच्या वाटाघाटी करत होता, सिंहासन रिकामे करण्याच्या नव्हे. राजाने स्कॉटांशी गुप्त करार करून 1648 मध्ये दुसरे युद्ध ओढवल्यावरच तो मार्ग बंद झाला.

मुकुटाचे म्हणाल, तर तो 1657 मध्ये पार्लमेंटनेच त्याच्यापुढे ठेवला होता आणि कित्येक आठवड्यांच्या घालमेलीनंतर त्याने तो नाकारला. त्याचेच अधिकारी राजपदाच्या विरोधात होते आणि त्यांच्या संमतीवाचून तो लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राजाविना चाललेल्या राज्याचा प्रमुख, म्हणूनही टिकला नसता. याने त्याचा दोष धुतला जात नाही. एप्रिल 1653 मध्ये त्याने बंदुकधारी शिपाई आणून पार्लमेंट बंद पाडले, आणि 1649 मधली आयर्लंडच्या ड्रोहेडातली कत्तल तर अक्षम्यच आहे. माझा आक्षेप कारणमीमांसेला आहे: सर्वांना मान्य अशी राज्यव्यवस्था उरली नव्हती आणि पगार थकलेली फौज तेवढी एकजूट होती, म्हणून सत्ता फौजेकडे आणि तिच्यामार्फत त्याच्याकडे गेली.

‘बळकावतोच’ हा शब्द तर जॉर्ज मंकपुढे टिकत नाही. क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर सत्तेचा खेळखंडोबा झाला असताना 1660 च्या आरंभी हा सेनापती स्कॉटलंडहून फौज घेऊन लंडनला आला आणि त्याने राजघराण्याच्या पुनरागमनाची वाट मोकळी केली. त्यानंतर मात्र नव्या पार्लमेंटने फौजेच्या थकबाकीसाठी दरडोई कर बसवला, पगार चुकते केले आणि 1647 मध्ये जी फौज मोडता आली नव्हती, ती एकेक रेजिमेंट करत घरी गेली.