उन्हाळ्याची सुट्टी, पेट्रोलचा हिशेब आणि खड्ड्यात दबा धरून बसलेली अळी

सुट्टी जवळ आली की ‘पर्यावरणपूरक सहली’च्या याद्या फिरायला लागतात. बांबूचे चमचे घ्या, स्टीलच्या बाटल्या घ्या, कापडी पिशव्या घ्या, मुलांसाठी खास ‘इको’ किट घ्या. सगळं नुसतं घ्या-घ्या! मग ते सगळं डिकीत भरायचं आणि दीडशे किलोमीटर गाडी हाकत निसर्ग बघायला जायचं.

एक साधा हिशेब सांगते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (लिटरभर पेट्रोलचं वजन किलोभरही नसतं, मग हे २.३ किलो आले कुठून? जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो म्हणून. पण हे लगेच सांगू नका, मुलांना जरा डोकं खाजवू द्या.) गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असं धरलं, तर जाऊन-येऊन ३०० किलोमीटरला २० लिटर. म्हणजे ४६ किलो. आता यात बांबूच्या चमच्यांनी किती वाचवलं ते तुम्हीच बघा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा आकडा कमी येतो, मान्य. पण वीज कोळशावर बनत असेल तर त्यांनीही फार हुरळून जाऊ नये.

म्हणून माझं मत सरळ आहे. सहल पर्यावरणपूरक आहे की नाही हे सामानावर नाही, अंतरावर ठरतं. चालत किंवा सायकलने गाठता येईल अशी एक जागा धरा. बाग, टेकडी, तळं, पडीक मैदान, काहीही चालेल. आणि सुट्टीभर तिथेच परत परत जा.

यावर ठरलेला आक्षेप: ‘मुलं कंटाळतात हो.’ मुलं कंटाळतात, पण बहुतेक वेळा कंटाळा आधी आपल्याला येतो आणि आपण तो त्यांच्या नावावर खपवतो. एखाद्या झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला कोरडी, भुसभुशीत माती असेल तिथे मुलांना उकिडवं बसवून बघा. मातीत बोटभर रुंदीचे, नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे दिसतील. प्रत्येकाच्या तळाशी मातीत दडलेली एक अळी असते. हा खड्डा ती मागे मागे सरकत, गोल फिरत खणते. काठावर मुंगी आली की पायाखालची माती घसरते. मुंगी धडपडत वर चढायला लागली की खालून मातीचा मारा सुरू होतो. अळी डोक्याने कण उडवत असते. काडीने हळूच दोन-चार कण आत घरंगळू द्या आणि अळी फसते की नाही ते बघा. फसत नसेल तर का नाही, यावर घरात चांगला वाद रंगतो. हीच अळी पुढे लांब, नाजूक पंखांचा, चतुरासारखा दिसणारा कीटक होते. पण आजचा खड्डा उद्या तिथेच आहे का, मोठा झाला का, हे एकदाच येऊन फोटो काढून जाणाऱ्याला कधी कळायचं नाही.

उन्हाचं म्हणाल तर मुलांना सावली मोजायला शिकवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर चढलेला असतो. झाडाखाली नाहीतर घरात पळायची ती वेळ. घड्याळ लागत नाही आणि ‘आई, अजून पाच मिनिटं’ हा युक्तिवादही चालत नाही. क्रीमचे थर चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि टोपी बरी. पाण्यात उतरणार असाल तर नक्कीच. प्रवाळांना घातक मानल्या जाणाऱ्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांच्या सनस्क्रीनवर हवाई राज्याने २०१८ साली कायदा करून विक्रीबंदी आणली, ती २०२१ पासून लागू झाली. आणि ओढ्यातले दगड उचलून मनोरे रचणं कृपा करून थांबवा. त्या दगडांच्या खालच्या अंगाला कीटकांच्या अळ्यांचा संसार असतो. फोटो छान येतो, पण त्यांचं घर मोडतं.

रात्री तर खर्चच नाही. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा बघितलं की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे फोन खिशात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीच्या उल्का दिसतात. ज्यांचा उन्हाळा ऑगस्टात असतो त्यांच्या वाट्याला १२-१३ ऑगस्टच्या आसपास पर्सिड उल्कावर्षाव येतो. ढग असतील तर रातकिडे ऐका. उकाडा वाढला की त्यांची किरकिर जलद होते. अमोस डॉल्बेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. प्रत्येक जातीचं गणित वेगळं, त्यामुळे आपल्या परिसरातल्या किड्यांचं कोष्टक मुलांनाच बनवू द्या. पांढरी चादर टांगून त्यावर दिवा सोडला की पतंग जमतात, तेही बघण्यासारखं असतं. फक्त तासाभराने दिवा बंद करा, त्यांनाही रात्रीची कामं असतात.

नोंदी ठेवायच्या असतील तर आयनॅचरलिस्ट हे ॲप आहे, दिसलेल्या प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून नोंद करायचं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००८ साली प्रकल्प म्हणून ते सुरू केलं, आज तिथल्या नोंदी संशोधकही वापरतात. पण कुटुंबात एकच फोन बाहेर काढायचा, असा आमचा नियम आहे. नाहीतर सगळे स्क्रीनवर किडा शोधतात आणि किडा पायाखालून निघून जातो.

स्वच्छता मोहिमांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. मुलांच्या हातात मोजे आणि पिशवी देऊन मोठ्यांचा कचरा उचलायला लावायचा आणि त्यांचे फोटो टाकायचे, हे मला पटत नाही. आपला कचरा आपण परत आणावा, फळांच्या सालींसकट. कोरड्या जागी त्या महिनोन् महिने पडून राहतात.

लांबच्या सहलींना माझा विरोध नाही. डोंगर-समुद्र मुलांनी बघायलाच हवेत. पण दर शनिवारी गाडी काढण्यापेक्षा सुट्टीत एकदाच, रेल्वेने किंवा बसने जा आणि तिथे निवांत मुक्काम करा. ठिकाण ठरवताना लिटर आणि किलोंचा हिशेब मुलांनाच मांडू द्या. आमच्याकडे त्या हिशेबानंतर ठिकाणांची लांबलचक यादी दोनवर आली. त्या दोनातलं कुठलं, यावरून भांडण अजून चालू आहे.