‘बायकांना कोणी अडवलं होतं?’ या मजकुराला उत्तर

यवतमाळकडच्या आमच्या गावांत आठवडाभर एक मजकूर मोबाईलवर फिरतोय. त्यात म्हटलंय की विज्ञान आणि इंजिनीअरिंग पुरुषांनीच उभं केलं, यंत्र बाईचं काम नव्हे, बायकांना कोणी अडवलं नव्हतं, एक मारी क्युरी काय ती झाली आणि तीही नवऱ्याच्या जोरावर. माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "म्हणून पोरीले पॉलिटेक्निकले टाकत नाही, मॅडम."

क्युरीबाईंचं आधी उरकते. त्यांचे नवरे पिएर १९०६ साली वारले. रसायनशास्त्राचं नोबेल मारीबाईंना १९११ मध्ये मिळालं, एकट्यांना. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं होतं.

आता 'कोणी अडवलं नव्हतं' याचं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळालेला माणूस हे करतो, याचा मला आजही राग येतो. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा दार उघडलं, तेही अटी घालून: पहिलं वर्ष रीतसर प्रवेश नाही, आणि तुमच्यामुळे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांनी पुढे इतर मुलींनाही घेतलं. पण त्याआधी दारावरूनच परत गेलेल्या मुली कोणत्या यादीत मोजायच्या? कमलाबाई तिथे दुधातली आणि डाळींतली प्रथिनं तपासत होत्या. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मधात तूर पेरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ताटाचाच विषय. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली.

आणि जिथे शोध लागला, तिथेही नाव गळलं. अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचा गाभा फुटण्याचा, अर्थ लावणाऱ्यांत शास्त्रज्ञ लीझ माइटनर होत्या. नोबेल त्यांचे सहकारी ओटो हान यांना एकट्यांना दिलं गेलं.

राहिलं 'यंत्र बाईचं काम नव्हे'. मद्रासच्या ए. ललिता पंधराव्या वर्षी लग्न होऊन अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी तान्ही मुलगी. तरी गिंडीच्या कॉलेजातून १९४३ साली त्या इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या. भाक्रा-नांगल धरणाच्या वीज जनित्रांवर त्यांनी काम केलं.

भाऊ, तुमच्या पोरीलाही इलेक्ट्रिकलच पाहिजे. उद्या तिचे दाखले घेऊन शाळेत या, अर्ज मी बसून भरून देते.