खुलासा : मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान खेर नव्हेत

‘बाळासाहेब खेर हे मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान’ असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही; पहिले पंतप्रधान सर धनजीशा कूपर होते. (ब्रिटिश सरकारच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत, त्यामुळे त्या शब्दाने दचकायचे कारण नाही.)

१९३७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि ती सर्वात मोठा पक्ष ठरली. परंतु गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाहीत, अशी हमी मिळाल्याखेरीज सत्ता घ्यायची नाही, असे पक्षाचे धोरण होते. हमी मिळेना, आणि कायदा तर १ एप्रिलला अमलात येणार. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांना मंत्रिमंडळ बनवण्यासाठी पाचारण केले. अर्थ व महसूल ही खाती जमनादास मेहता यांच्याकडे गेली. पाठीशी बहुमत नसलेले हे मंत्रिमंडळ तात्पुरतेच होते, हे खरे. पण शपथ घेऊन कारभार त्यानेच सुरू केला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिपदे स्वीकारण्यास संमती दिल्यावर कूपर पायउतार झाले आणि १९ जुलै १९३७ रोजी खेरांनी सूत्रे हाती घेतली. खेर काँग्रेसचे पहिले पंतप्रधान होते, प्रांताचे दुसरे.